दाजींचा भैरू गुंजीकर

आमच्या दाजींइतके पैलवान निपाणी-बेळगावच्या पट्ट्यात दुसऱ्या कुणी घडवले असतील असं मला वाटत नाही. मोठमोठ्या तालमींच्या वस्तादांची हयात चार-दोन मल्ल तयार करण्यात जाते. दाजींनी आख्खी फौज उभी केली, आणि तीसुद्धा थेंबभर दूध किंवा एक बदाम खर्ची न घालता. त्यांचे पैलवान कधी आजारी पडले नाहीत, कुणाच्या शेतात शिरून ऊस मोडला नाही, लग्नाच्या पंगतीत बसून यजमानाला घाम फोडला नाही. त्यांच्यात वैगुण्य म्हणून काढायचंच झालं तर एकच होतं. त्यांच्यातला एकही जन्माला आलेला नव्हता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. अंगकाठी अशी, की सदरा दोरीवर वाळत असतानाही त्यांच्या अंगावर असल्यापेक्षा भरलेला दिसायचा. त्यात तंबाखूची धूळ त्यांना सोसत नसे. वखारीत बायका तंबाखू चाळायला बसल्या की दाजींच्या शिंका सुरू व्हायच्या आणि प्रत्येक शिंकेला डोक्यावरची टोपी पुढच्या कागदांवर पडायची. तंबाखूच्या गावात तंबाखूच्या वखारीत बसून तंबाखूशी वैर धरणारा हा एकच माणूस. तरुणपणी ते तालमीत गेले होते. वस्तादांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, तसा त्या पाहणीला फार वेळ लागला नसावा, आणि सांगितलं, "तू कापडं सांभाळ." तेव्हा दाजी आखाड्याच्या कडेला बसून इतरांचे सदरे, लेंगे आणि गळ्यातले ताईत सांभाळत राहिले. पुढे जन्मभर "मी तालमीत होतो" असं ते सांगत. त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्या काळात मी बेळगावात कॉलेजला होतो आणि सुटी मिळाली की निपाणीला आक्काकडे जायचो. संध्याकाळी वखार सुटली की दाजी मला घेऊन नाक्यावरच्या हॉटेलात जात. तिथं चार हमाल, एक शिंपी, निपाणी-चिकोडी गाडीवरचा कंडक्टर अशी मंडळी आधीच येऊन बसलेली असत. दाजी चहाची बशी दोन्ही हातांनी धरून सावकाश पीत, मिशा पुसत आणि एखाद्या नातलगाची खुशाली सांगावी तसं सांगत, "काल जांबोटीला कुस्ती झाली. चिकोडीच्या मल्लाप्पानं लई घाई केली. भैरूनं त्याला खाली घेतला आन मग सोडलाच न्हाय." हमाल माना डोलवत. शिंपी म्हणे, "मल्लाप्पाचं असंच असतंय. ताकद हाय, डोस्कं न्हाय." हे सगळं कधी सुरू झालं ते कुणालाच आठवत नव्हतं. दाजी या कारभाराला 'लीग' म्हणत. हा शब्द त्यांनी बेळगावच्या फुटबॉलवाल्यांकडून उचलला होता.

पण नुसत्या कुस्त्या लावून दाजींचं समाधान होत नसे. कुस्ती काय, कुणीही लावतं. दाजींची खरी प्रतिभा किताबांत होती. त्यांच्या लीगमध्ये केसऱ्यांचं आणि गदांचं अमाप पीक आलेलं असे आणि प्रत्येक किताबाला स्वतंत्र नियम असे. 'वेदगंगा केसरी' ही कुस्ती नदीत कमरेएवढ्या पाण्यात व्हायची. पाण्यात पाठ टेकणार कशाला, असा प्रश्न मीच एकदा काढला. दाजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "पाठ कशाला टेकायला पायजे? ज्याचा लंगोट आधी वाळंल त्यो जिंकला." 'जांबोटी गदे'च्या कुस्तीत डोळ्यांत माती टाकायला सक्त मनाई होती. कारण परतीची गाडी मिळायची खात्री नाही. दोघांना रान तुडवत खानापूरपर्यंत एकत्रच चालत यायचं, मग भांडून कसं चालेल? 'अबोल केसरी' परीक्षेच्या दिवसांत शाळेच्या पटांगणात व्हायची. तिथं शड्डू ठोकायचा नाही, हुंकार द्यायचा नाही आणि प्रेक्षकांपैकी कुणी "वा" म्हटलं तर त्याच्या आवडत्या पैलवानाची हार.

सगळ्यांत मानाचा किताब 'सीमा केसरी'. त्याचा आखाडा दोन राज्यांच्या बरोबर हद्दीवर आखलेला. एक पंच कानडीत बोलणार, दुसरा मराठीत, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय निकाल नाही. आता एकमत कशाचं होतंय? मल्लाप्पा आणि भैरू एकमेकांना धरून उभेच. हॉटेलात कुणी ना कुणी विचारायचंच, "दिवाणजी, सीमा केसरीचं काय झालं?" दाजी बशी खाली ठेवत. "समिती बसलीया." पुढच्या खेपेला, "अहवाल आलाय, पर त्यो दोगांनाबी मान्य न्हाय." त्याच्या पुढच्या खेपेला, "दिल्लीला पाठवलाय." यावर हॉटेलात कुणी हसत नसे. आमच्या भागात या गोष्टीला हसायची पद्धत नव्हती.

भैरू गुंजीकर हा दाजींचा लाडका मल्ल. त्याच्या उत्पत्तीचा मी जवळपास साक्षीदार आहे. आमचं गाव गुंजीजवळ. आक्काला पाहायला दाजी आले ते बेळगावहून आगगाडीनं गुंजी स्टेशनवर उतरले. तिथं एक दांडगा माणूस पाठीवर भाताचं पोतं आणि काखेत दुसरं घेऊन, वर तोंडानं पावा वाजवावा तशी शीळ घालत चालला होता. दाजी त्याच्याकडे बघत फलाटावर उभे राहिले ते राहिलेच. पुढे आमच्या घरी पोहे झाले, चहा झाला, आक्का येऊन पाट मोडेल इतका वेळ बसून गेली. माझ्या वडिलांनी विचारलं, "मग, काय वाटलं?" दाजी म्हणाले, "स्टेशनवरचा त्यो गडी कोण हो?" लग्न तरीही झालं. त्या माणसाचं नाव-गाव कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून दाजींनी स्वतःच त्याला नाव दिलं, बहिरी आई दिली, एक लंगडी म्हैस दिली आणि लीगमध्ये उतरवला. पुढे एकदा दाजी सणाला आमच्या घरी आले असताना त्यांनी तिथल्या तिथं 'सासुरवाडी चषक' जाहीर केला. त्यात जावयाला पाडलं तर तो अपमान आणि जावयानं पाडलं तर तो उद्धटपणा. त्यामुळं कुस्ती बरोबरीतच सोडवायची असा नियम. वडिलांनी विचारलं, "मग निकाल कसा लावायचा?" दाजी म्हणाले, "वाढायला घ्यायचं."

आक्काला हे सगळं कसं वाटत होतं, ते ती लपवून ठेवत नसे. "घरात पाण्याची घागर उचलवत न्हाय, आन गावाला गदा वाटत सुटल्यात," असं ती चुलीपुढून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे. पण दाजींनी एकदा भैरूची आई आजारी पाडली, तेव्हा दुसऱ्या दिवशी दाजी वखारीला निघताना तिनंच दारात अडवून विचारलं, "तिचा ताप उतरला का न्हाय?"

हॉटेलातल्या मंडळींना खरं काय ते ठाऊक होतं. घोटाळा झाला तो कंडक्टरमुळे. तो मोठ्या भक्तीनं लीगचे निकाल गाडीतून चिकोडीपर्यंत पोचवायचा. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर ते उतरायचे आणि खेड्यापाड्यांत चालत जायचे. हॉटेलपासून जितकं लांब जावं तितके भैरू आणि मल्लाप्पा खरे होत गेले. चिकोडीत एकानं मला शपथेवर सांगितलं, की मल्लाप्पा त्याच्या मावशीच्या शेजारी राहतो आणि स्वभावानं जरा तापट आहे.

ऐंशी साल उलटल्यावरची गोष्ट. एका संध्याकाळी मिलिंद नावाचा तरुण हॉटेलात आला. निपाणीतच कॉलेजात शिकत होता. त्याची आई दाजींच्याच वखारीत कामाला होती. अंगानं भरदार, मान खांद्यांत रुतलेली, आणि बोलणं मात्र अगदी हळू. गावातल्या एका तालमीत तो पहाटे एकटाच मेहनत करायचा. एकटाच, कारण त्याला जोड मिळत नव्हती. मिलिंद बौद्ध समाजातला. त्याच्याशी झोंबायचं म्हणजे अंगाला अंग लागणार. हे कारण कुणी तोंडानं बोलत नसे. तेवढी सुधारणा झालेली होती. मिलिंदचं नाव निघालं की कुणाचा गुडघा दुखायला लागे, कुणाच्या घरी सुतक निघे. आसपासच्या जत्रांतून इतक्या पैलवानांच्या घरी इतकं सुतक असे, की त्या वर्षांत गावंच्या गावं ओस कशी पडली नाहीत, याचं नवल वाटावं.

मिलिंद दाजींच्या समोर बसला. "दिवाणजी, चिकोडीकडल्या जत्रंचं मैदान हाय. पंच म्हणत्यात, जोड आण, कुस्ती लावतो. माझी आन भैरूची जोड लावा."

दाजी ओशाळं हसले. "अरं, भैरू म्हंजे..."

"ठाव हाय मला. न्हाय त्यो," मिलिंद म्हणाला. "जे हाईत ते माझ्यासंगं लढत न्हाईत. नसलेला तरी द्या."

मिलिंदनं पुढचा बेत सांगितला. भैरूचं नाव दिलं की पंच कुस्ती लावणार. भैरू येणार नाही. मग मिलिंद मैदानात हात वर करून फिरणार. हजारो लोकांसमोर भर मैदानात आव्हान दिल्यावर कुणालातरी उतरावंच लागेल. तिथं सुतक सांगता येत नाही. दाजींनी बशीतला चहा तसाच ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे कुणी निकाल नव्हे, पैलवान मागायला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दाजी मिलिंदबरोबर त्या गावी गेले. जत्रेचे मुख्य पंच गावचे गौडा, म्हणजे पाटील. कानडीत विचार करून मराठीत बोलणारा भला थोरला माणूस. भैरूचं नाव ऐकताच ते खुर्चीतून उठले. "हौदा? खरंच? भैरू गुंजीकर? सीमा केसरीवाला?" त्यांनी दाजींना नारळ दिला, खांद्यावर शेला घातला आणि ती कुस्ती सगळ्यांत शेवटची, मानाची म्हणून लावून टाकली. नाही म्हणायची संधी दाजींना मिळाली होती की नाही, याबद्दल त्यांनी पुढे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं. भिंतीभिंतीवर भैरूच्या नावाचे कागद लागले. त्यातला एक आक्काच्या हाती पडला.

"ह्यो भैरू येणार कुठनं?" तिनं विचारलं.

दाजी टोपी काढून तिच्यावरची धूळ झटकू लागले.

"त्या पोराची आई माझ्या वळखीची हाय. पोरगं तुमच्या भरवशावर हुबं ऱ्हाणार. तितनं पाय काढलासा तर घरात येऊ नगासा," आक्का म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली. त्या दिवशी भाकऱ्यांचा आवाज जरा मोठाच येत होता.

मैदानाच्या दिवशी मी, दाजी आणि मिलिंद कंडक्टरच्याच गाडीनं गेलो. मैदानावर ही गर्दी. झाडांवर माणसं, बैलगाड्यांवर माणसं. हलगी कडाडत होती. लहान कुस्त्या झाल्या, मोठ्या झाल्या आणि उन्हं कलत असताना कर्ण्यातून नाव पुकारलं गेलं, "भैरू गुंजीकर!" सगळ्या मैदानानं माना वळवल्या. लोक खरोखरच गुंजीच्या दिशेला बघत होते. पुन्हा पुकारा झाला. मग मिलिंद लंगोट लावून मातीत उतरला, नमस्कार केला आणि उजवा हात वर करून कडेकडेनं फिरू लागला. कडेला नामांकित मल्ल बसले होते. तो समोर आला की एकाचा फेटा सुटायचा आणि तो बांधायला घ्यायचा, दुसरा गुडघा चोळायचा, तिसऱ्याला मागं कुणीतरी हाक मारलेली असायची. मिलिंदचा एक फेरा पुरा झाला. त्यानं दुसरा सुरू केला. हलगीवालाही अवघडला आणि त्याचा हात मंदावला. वर केलेला तो हात खाली कसा घ्यायचा, हे मिलिंदला कळत नव्हतं, ते मला लांबून दिसत होतं.

गौडा दाजींजवळ आले. "दिवाणजी, एल्ली? कुठं हाय तुमचा केसरी?"

दाजी उठले. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. मग सदरा काढून दिला. आत भोकं पडलेला बनियन होता. तो त्यांनी ठेवला. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि ते मातीत उतरले. आधी कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा असा हशा उठला की झाडावरचा एकजण घसरून खालच्या फांदीवर आला. दाजी सरळ कर्ण्याकडे गेले. नाक्यावरच्या हॉटेलात पलीकडच्या बाकावर न पोचणारा त्यांचा आवाज सगळ्या माळावर घुमला.

"भैरूच्या बदली मी हाय. लीगच्या नियमानं ही बदली गदा हाय. नियम ऐका. ज्याच्या हाताला हात लावायला कोण तयार न्हाय, त्याच्यासंगं जो लढंल त्यो केसरी. हारला तरीबी केसरी."

हशा एकदम थांबला नाही. तो कडेकडेनं विझत गेला. मागच्या लोकांना नियम उशिरा समजला.

मिलिंदनं रीतीप्रमाणे मूठभर माती दाजींच्या हातावर दिली. दाजींना ताबडतोब शिंक आली. दोघं एकमेकांसमोर वाकले. मी अगदी कडेला होतो, म्हणून मला ऐकू आलं. मिलिंदनं विचारलं, "दिवाणजी, धरू कुठं?"

"कुठंबी धर," दाजी म्हणाले, "बरगड्या तेवढ्या सोड."

मिलिंदनं त्यांना अलगद उचललं आणि वखारीत वाळलेल्या पानांची पेंडी ठेवतात, तसं जपून उताणं ठेवलं. दाजी आभाळाकडे बघत आणखी दोनदा शिंकले. मग मिलिंदचा हात धरून उठले आणि धापा टाकत स्वतःचाच हात वर करून ओरडले, "मी केसरी!" नियमाप्रमाणे ते होतेच. मैदान पुन्हा हसलं, पण आता ते हसणं दाजींच्या बाजूचं होतं. कडेला मिशा पांढऱ्या झालेले एक वस्ताद बसले होते. त्यांनी शेजारच्या आपल्या पठ्ठ्याच्या पाठीत सणसणीत थाप घातली. "ह्यो काडीपैलवान केसरी झाला, आन तू फेटाच बांधत बसलास व्हय रं? ऊठ!"

तो पठ्ठ्या उठला. मग जी कुस्ती झाली ती खरी. दोघांची अंगं मातीनं लाल झाली, कोण कुणाचा ते ओळखू येईना. दाजी बनियनवर, हात छातीशी घट्ट धरून बघत होते. किताब त्यांचा, मैदान त्यांच्या नियमांनी पेटलेलं, पण निकाल पहिल्यांदाच त्यांच्या हातात नव्हता आणि ते त्यांना सोसवत नव्हतं. मिलिंद बराच वेळ टिकला. मग घिस्सा डावावर त्याची पाठ लागली. पठ्ठ्यानंच त्याला हात देऊन उठवलं. मिलिंद तोंडातली माती थुंकत आमच्याकडे आला.

दाजी रडकुंडीला आले होते. "हारलास की रं!"

"व्हय," मिलिंद म्हणाला. तो दात काढून हसत होता. "खराखुरा हारलो."

एवढ्यानं सगळ्यांचे गुडघे बरे झाले असं मी म्हणणार नाही. पण मिलिंदला जोड मिळू लागली. काही ठिकाणी तो जिंकला, काही ठिकाणी हरला. काही गावांत सुतक मात्र पुढेही फिटलं नाही. आसपासच्या लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं, की भैरू गुंजीकर मिलिंदला भ्याला. हे दाजींच्या जिव्हारी लागलं. मैदानाला गैरहजर राहिल्याबद्दल लीगच्या नियमानुसार त्यांना भैरूचे सगळे किताब काढून घ्यावे लागले. त्या आठवड्यात त्यांना जेवण गेलं नाही. "त्याचा काय दोष न्हवता," असं ते आक्काला पुनःपुन्हा सांगत. आक्का म्हणाली, "मग द्या की परत. तुमच्याच हातात हाय न्हवं?" दाजी म्हणाले, "तसं करता येत न्हाय. नियम हाईत."

मग दिवस पालटले. हॉटेलात टीव्ही आला. संध्याकाळी सगळे त्याच्याकडे तोंड करून बसू लागले. दाजी बशी धरून सांगायला सुरुवात करत आणि कुणीतरी "जरा थांबा" म्हणे. ते थांबत. हमालांपैकी काही बाहेरगावी गेले, कंडक्टरची बदली झाली. दाजींचा खोकला वाढत गेला. वखार सुटली, पण धूळ छातीत राहिली. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा औषधपाण्यासाठी मी त्यांना आणि आक्काला बेळगावला माझ्याकडे आणलं. दाजी दिवसभर व्हरांड्यात खुर्चीवर बसून रस्ता बघत.

मिलिंद तोवर बेळगावात वकील झाला होता. रविवारी सकाळी तो यायचा. एका रविवारी दाजींनी आम्हा दोघांना शेजारी बसवलं आणि लीग बंद केल्याचं सांगितलं. तब्येत बरी नाही म्हणून नव्हे. पैलवानांची वयं झाली, म्हणाले. मग एकेकाचं सांगू लागले. मल्लाप्पा चिकोडीला लेकाजवळ असतो, राग बराच कमी झालाय. अबोल केसरीवाला शाळेत शिपाई लागला. वेदगंगेवाल्यानं नदीकाठी भाजीचा मळा केला. कुणाला सून चांगली मिळाली, कुणाला डोळ्यांचं ऑपरेशन करावं लागलं, पण आता दिसतं. थांबत थांबत, दम घेत, त्यांनी एकेकाची सोय लावून दिली. मिलिंद कोर्टात बसावं तसा लक्ष देऊन ऐकत होता.

"आन भैरू?" त्यानं विचारलं.

दाजींनी रस्त्यावरची नजर काढून घेतली.

"त्याला न्हाय सोडला," ते म्हणाले. "हाय की हितंच."

"मग आता तरी आमची गाठ घालून द्या."

"नगं रं. लई थकलाय त्यो," दाजी म्हणाले. "तू आलास म्हटल्यावर उठायला बघंल. आन त्याला आता उठवत न्हाय."

मिलिंदनं आपली खुर्ची उचलून दाजींच्या खुर्चीला लागून ठेवली.

"मग बसूद्यात त्यास्नी," तो म्हणाला. "मीच बसतो जवळ."